बूट डिस्क बदलण्याआधी: मेनफ्रेम लिनक्सची तयारी

फायली नव्या डिस्कवर नेणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग. सिस्टिम उठत नाही ती जुन्या डिस्कचा पत्ता कुठेतरी शिल्लक राहिल्यामुळे. तयारी म्हणजे मुख्यतः हे पत्ते हुडकणं. इथे लिनक्स झेड/व्हीएम या आयबीएमच्या मेनफ्रेम प्रणालीखाली गेस्ट (आभासी मशीन) म्हणून चालतं, आणि जुन्या डिस्कचा पत्ता ०२०० व नवीचा ०२०१ धरला आहे.

डिस्क मागतानाच सिलिंडरचा हिशेब करा. ३३९० मॉडेल ९ (मेनफ्रेमच्या डिस्कचा एक प्रकार) म्हणजे १०,०१७ सिलिंडर, कागदावर ८.५ जीबी. पण ४०९६ बाइटच्या ब्लॉकनं फॉरमॅट केल्यावर सिलिंडरमागे ७२० केबीच हाताशी येतात, म्हणजे १०२४ च्या मापानं सात जीबीच्याही आतच. शिवाय सीडीएल या नेहमीच्या डिस्क-मांडणीत पार्टिशन तीनच पडतात. मिनीडिस्क (खऱ्या डिस्कचा गेस्टला दिलेला तुकडा) सिलिंडर १ पासून मागा. सिलिंडर ० वर खऱ्या व्हॉल्यूमचं लेबल असतं.

मशीन दूरच्या डेटा सेंटरात आणि तुम्ही सोलापुरात, तेव्हा लाइन तुटणार हे धरूनच चला. राउटर इन्व्हर्टरवर ठेवा, मोबाइलचा हॉटस्पॉट दुसऱ्या कंपनीचा असू द्या आणि सगळं टीमक्सच्या आत (लाइन तुटली तरी काम चालू ठेवणारं टर्मिनल) चालवा. डास्डएफएमटी (डिस्क फॉरमॅट करणारी आज्ञा) मध्येच तुटलं तर डिस्क अर्धवट फॉरमॅट झालेली राहते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. ३२७० कन्सोलचं लॉगिन चालतं का, तेही आधीच पाहून ठेवा; आयपीएल (मेनफ्रेमवरचं बूट) फसल्यावर एसएसएच कामाला येत नाही. गड्ड्याच्या जत्रेतली तारीख घेऊच नका, अर्धी टीम रजेवर असते.

सीएचझेडडेव्ह या आज्ञेनं ०२०१ कायमची ऑनलाइन करा. मग डिस्कची यादी देणारं एलएसडास्ड चालवून पत्ता आणि नाव यांची जोडी लिहून घ्या. डास्डबी हे लिनक्सनं दिलेलं नाव पुढच्या बूटला दुसऱ्याच डिस्कला जाऊ शकतं, म्हणून फॉरमॅट करताना बाय-पाथमधलं (पत्त्यावरून बनलेलं) ०२०१ असलेलं नावच वापरा. इथे चुकलात तर मागे फिरता येत नाही.

कॉपीआधी डेटाबेस आणि बाकी सेवा बंद करा. कॉपी करणाऱ्या आरसिंकला हार्डलिंक, एसीएल (फायलींच्या जादा परवानग्या) आणि एक्स्टेंडेड ॲट्रिब्यूट जपणारे पर्याय द्या, नाहीतर एसइलिनक्सची (सुरक्षा यंत्रणेची) लेबलं गळतात. स्टोरेजच्याच फ्लॅशकॉपीनं पूर्ण डिस्क उचलली तर यूयूआयडीही (फाइलसिस्टिमचा ओळख क्रमांक) जसाच्या तसा येतो. दोन्ही डिस्क जोडलेल्या असतील तर त्यातली कुठली माउंट होईल याचा भरवसा नाही. उलट नवी फाइलसिस्टिम केली असेल तर एफस्टॅबमधले (काय कुठे माउंट करायचं त्या यादीतले) यूयूआयडी बदलावे लागतात.

आता पत्ते. कर्नल पॅरामीटरमधले रूट आणि आरडी.डास्ड (बूटच्या वेळी कोणत्या डिस्क जोडायच्या ते) पाहा; रेड हॅट ८ पासून ते बूट लोडरच्या एंट्री फायलींत असतात. मग नव्या डिस्कवर चरूट करा (म्हणजे तीच रूट धरून आज्ञा चालवा), पण त्याआधी डेव्ह, प्रॉक आणि सिस बाइंड करायला विसरू नका. आत जाऊन ड्रॅकट या आज्ञेनं इनिटरॅमएफएस (रूट माउंट होण्याआधी चालणारी छोटी सिस्टिम) नव्यानं बांधा, कारण जुन्यात ०२०१ ची ओळख नसेल तर रूट सापडत नाही. शेवटी झिपल, म्हणजे मेनफ्रेमवरचा बूट लोडर लिहिणारी आज्ञा. कर्नल डिस्कवरच्या नेमक्या कोणत्या ब्लॉकमध्ये आहे हे झिपल नोंदवून ठेवतं, त्यामुळे नुसत्या फायली कॉपी करून बूट होत नाही. व्हर्बोज पर्याय देऊन चालवा आणि ‘प्रिपेअरिंग बूट डिव्हाइस’च्या ओळीत कंसात ०२०१ दिसतं का ते वाचा. ०२०० दिसलं तर चरूट चुकलंय आणि लिहिलं गेलंय जुन्याच डिस्कवर. सुसे १२ पासून मध्ये ग्रब२ हा दुसरा बूट लोडर बसलेला असतो. तिथे एकटं झिपल न चालवता ग्रब२-इन्स्टॉल वापरा.

लिनक्सबाहेरही पत्ता असतोच: झेड/व्हीएमच्या डिरेक्टरीतली आयपीएल ओळ, नाहीतर गेस्टच्या प्रोफाइल एक्झेकमधली (सुरुवातीला आपोआप चालणारी फाइल). झेड/व्हीएमऐवजी एलपार (मेनफ्रेमचा थेट वेगळा भाग) असेल तर एचएमसी या हार्डवेअर कन्सोलवरचा लोड ॲड्रेस. आतून रीबूट करायचं असेल तर सीएचरीआयपीएल या आज्ञेनं पुढच्या बूटसाठी ०२०१ ठरवून एलएसरीआयपीएलनं खात्री करा.

पहिला आयपीएल करताना ०२०० डिटॅच करून ठेवा. ती जोडलेली असताना सिस्टिम उठली तर ती नव्या डिस्कवर उठली की जुनीच्या आधारावर, हे कळत नाही. तिच्याशिवाय उठून सेवा चालू झाल्या की डीएफमध्ये रूट कुठल्या डिस्कवर आहे ते पाहा. ०२०० मात्र लगेच परत करू नका. निदान एक महिनाअखेरची बॅच नव्या डिस्कवर पार पडू द्या.