मेमरी कार्ड वाचायला घेण्याआधी

३१ मे २०१४ च्या रात्री अमेरिकेतल्या बेडफर्डच्या धावपट्टीवर एक गल्फस्ट्रीम जी-फोर जेट वेगाने धावलं, पण उठलंच नाही. विमान उभं असताना वाऱ्याने पंख-शेपटीचे हलते भाग आपटू नयेत म्हणून लावतात ते गस्ट लॉक तसंच राहिलं होतं. सातही जण गेले. तपासात त्याच विमानातल्या रेकॉर्डरमधून जे निघालं ते जास्त बोचणारं होतं: आधीच्या १७५ टेकऑफपैकी फक्त २ वेळा कंट्रोल्सची, म्हणजे ते हलते भाग टोकापर्यंत मोकळे हलतात का याची, पूर्ण तपासणी झाली होती. काही सेकंदांचं काम. नोंद विमानातच होती, मोजली गेली ती अपघातानंतर.

तुमच्या ताफ्यात दोन-तीन जेट आहेत आणि उड्डाणांचा डेटा नियमित बघायचं ठरतंय, तर सॉफ्टवेअरची कोटेशन मागवायची घाई करू नका. आधी मालकाशी बोला. आयसीएओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या ॲनेक्स ६ मधली असा डेटा तपासण्याची सक्ती व्यापारी वाहतुकीतल्या २७,००० किलोंपेक्षा जास्त टेकऑफ वजनाच्या विमानांना आहे. बरीचशी बिझनेस जेट वजनाने त्याखाली येतात आणि खासगी वापरातली त्या सक्तीच्या बाहेरच राहतात. म्हणजे हा खर्च कोणी बळजबरी करत नाही म्हणून टळू शकतो. मालकाकडून दोन गोष्टी लेखी घ्या: पैसे आणि हात लांब ठेवण्याचं वचन. मागच्या सीटवर बसणाऱ्याला ‘परवाचं लँडिंग कोणी आपटलं?’ हे विचारावंसं वाटणारच. उत्तर मिळणार नाही, हे त्याला आधीच ठाऊक हवं.

मग वैमानिक. मोठ्या एअरलाइनमध्ये डेटातून नाव काढून टाकलं की माणूस गर्दीत मिसळतो. तुमच्याकडे वैमानिक पाच असतील, तर मंगळवारी सकाळी कोण उडालं हे गाडीच्या ड्रायव्हरलाही माहीत असतं. नाव झाकण्याचं नाटक इथे चालत नाही, त्यामुळे करार नीट लिहावा लागतो. कच्चा डेटा कोण बघेल, वैमानिकाला फोन कोण करेल, डेटा किती महिन्यांनी पुसला जाईल, पगारवाढ किंवा शिक्षेसाठी तो वापरणार नाही, आणि जाणूनबुजून नियम मोडल्यास काय होईल, हे सगळं त्यात हवं. फोन करणारा माणूस सगळ्यांचा विश्वासातला वैमानिक असावा. असा कोणी नसेल, तर हे काम बाहेरच्या विश्लेषण कंपनीकडे सोपवा. माझं मत विचाराल तर छोट्या ताफ्याने बाहेरचाच माणूस घ्यावा. सह्या झाल्याशिवाय कार्डाला हात लावू नका.

आता यंत्र. विमानात क्विक ॲक्सेस रेकॉर्डर, म्हणजे ज्यातला डेटा सहज काढून घेता येतो असा रेकॉर्डर, आहे का ते बघा. छोट्या जेटमध्ये कधी कधी कॉकपिटच्या एसडी कार्डावरच नोंद होते. विमान उत्पादकाकडून डेटा फ्रेमची, म्हणजे नोंदीतल्या आकड्यांच्या मांडणीची, कागदपत्रं मागवा. कोणत्या आकड्यातून उंची वाचायची आणि कोणत्यातून फ्लॅपची (पंखामागच्या खाली उतरणाऱ्या पट्ट्यांची) स्थिती, हे त्याशिवाय कळत नाही. ती हाती आली तरी लगेच विश्वास ठेवू नका. विमान जमिनीवर असताना रेडिओ अल्टिमीटर (जमिनीपासूनची उंची मोजणारं यंत्र) शून्याच्या आसपास दिसतोय का, स्टिक टोकापर्यंत ढकलली की एलिव्हेटरचा (नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीच्या भागाचा) आलेख टोकाला जातोय का, हे हँगरमध्येच तपासून घ्या. कार्ड दर किती दिवसांनी काढायचं हे त्याची क्षमता बघून ठरवा, नाहीतर जुनी उड्डाणं पुसली जातील.

‘इव्हेंट’च्या, म्हणजे सॉफ्टवेअरने टिपायच्या घटनांच्या, मर्यादा तयार पॅकेजमधून जशाच्या तशा उचलू नका. तुमच्या एसओपीत (ठरलेल्या कार्यपद्धतीत) ढगांत १,००० फुटांवर आणि स्वच्छ हवेत ५०० फुटांवर ॲप्रोच (उतरण्यासाठीची शेवटची वाट) वेग आणि उतार धरून स्थिर हवा असं लिहिलं असेल, तर मोजायचं तेच. आखूड धावपट्टीवर वारंवार जात असाल, तर विमान धावपट्टीच्या सुरुवातीच्या टोकापासून किती पुढे टेकलं याला सगळ्यात जास्त लक्ष द्या. फ्लॅपची वेगमर्यादा, जमिनीची धोक्याची सूचना, टक्कर टाळण्याचा इशारा हे नेहमीचे मुद्दे असतातच. बेडफर्डनंतर टेकऑफपूर्वीची कंट्रोल तपासणीही घालावी. मर्यादा ओलांडली गेली की नाही एवढंच पाहणारं सॉफ्टवेअर न झालेली गोष्ट पकडत नाही, त्यामुळे ‘ही हालचाल झालीच नाही’ असा इव्हेंट मुद्दाम बनवून घ्यावा लागतो.

बिझनेस जेट वर्षाला एअरलाइनच्या विमानापेक्षा कितीतरी कमी उडतं. तीन महिन्यांत दोन अस्थिर ॲप्रोच दिसले, तर ती सवय की योगायोग, हे एकट्याच्या डेटावरून सांगता येत नाही. त्यासाठी नावं काढून एकत्र केलेल्या इतर ऑपरेटरांच्या आकड्यांशी तुलना करून देणारी सेवा निवडा.

पहिले दोन महिने कोणालाही फोन करू नका, फक्त चुकीचे इव्हेंट गाळा. नंतरच्या पहिल्या बैठकीत पडद्यावर येणारा आलेख चीफ पायलटच्या स्वतःच्या फसलेल्या ॲप्रोचचा असू द्या, त्याला आधी विचारून.