कृष्णवर्णीय स्त्रियांच्या आयुष्यावर नाटक बसवताय? या चुका टाळा

पहिल्या वाचनालाच संहिता रेंगाळली, तर बहुधा तिच्यात नायिका फार झालेल्या असतात. अमेरिकेतल्या हॅरिएट टबमन, सोजर्नर ट्रुथ, आयडा बी. वेल्स, रोझा पार्क्स, फॅनी लू हेमर, बेसी कोलमन... सगळ्यांना दीड तासात कोंबलं की प्रत्येकीच्या वाट्याला जन्मसाल, एक दणदणीत वाक्य आणि टाळ्या येतात. तिसरीनंतर प्रेक्षक मोबाइल काढतात. दोघी-तिघीच घ्या, आणि त्यांचाही एकेकच प्रसंग.

रोझा पार्क्सचा प्रवेश हमखास फसतो, कारण तिला दमलेली, भोळी बाई म्हणून उभं केलं जातं. १ डिसेंबर १९५५ ला अलाबामा राज्यातल्या मोंटगोमेरीत बसमध्ये गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडायला नकार दिला तेव्हा ती ४२ वर्षांची होती आणि कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या स्थानिक शाखेत अनेक वर्षं काम करत होती. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये १५ वर्षांच्या क्लॉडेट कोल्विननेही असाच नकार दिला होता. हे गाळलं की उरतो तो निव्वळ चमत्कार, आणि चमत्कारात नटीला करण्यासारखं काही नसतं.

खरं नाटक त्या रात्री पुढे घडतं. जो ॲन रॉबिन्सन ही कॉलेजातली प्राध्यापिका एक सहकारी आणि दोन विद्यार्थी घेऊन रातोरात बसवरच्या बहिष्काराची हजारो पत्रकं सायक्लोस्टाइल करते. यंत्र सरकारी कॉलेजचं. कळलं तर नोकरीवर गदा. हाताला काम, डोक्यावर घड्याळ आणि पकडले जाण्याची भीती, एवढ्यावर वीस मिनिटांचा प्रवेश सहज उभा राहतो. तरी बहुतेक संहितांमध्ये ही बाई विंगेतही नसते!

गुलामीत जन्मलेल्या सोजर्नर ट्रुथच्या तोंडी अमेरिकेच्या दक्षिणेकडची बोली घालू नका. ती न्यूयॉर्क राज्यातली, आणि लहानपणी तिची भाषा डच होती. १८५१ मध्ये ओहायो राज्यातल्या ॲक्रन इथे स्त्री-हक्क परिषदेत तिने केलेल्या भाषणाचं ‘मी बाई नाही का?’ हे गाजलेलं पालुपद त्याच वर्षी छापून आलेल्या वृत्तांतात नाही. ते आलं १८६३ मध्ये फ्रान्सिस गेज यांनी लिहिलेल्या आवृत्तीत, दक्षिणी उच्चारांसकट. आपल्याकडे हीच खोड वेगळ्या वाटेने शिरते: गरीब, निरक्षर पात्र दिसलं की लेखक त्याला गावरान बोलायला लावतो. ट्रुथला साधी, धारदार मराठी द्या. वेशभूषेतही फाटके कपडे नकोत. तिने स्वतः काढून घेतलेल्या आणि विकलेल्या छायाचित्रांत ती शाल-टोपीत, नीटनेटकी, हातात विणकाम घेऊन बसलेली दिसते.

गुलामांना दक्षिणेतून पळवून सोडवणाऱ्या टबमनचे ‘१९ फेऱ्या, ३०० माणसं’ हे आकडे जुन्या चरित्रातून आले आहेत. आजचे अभ्यासक साधारण १३ फेऱ्या आणि ७० माणसं धरतात. निवेदनात तेच ठेवा; धाडस त्याने कमी होत नाही.

रंगभूषाकाराने काळा रंग बाहेर काढला, तर डबी तिथल्या तिथे बंद करायला सांगा. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतले गोरे नट तोंडाला काळं फासून कृष्णवर्णीयांची टिंगल करत, आणि त्या खेळांना गर्दी होई. हेतू गौरवाचा असला तरी दिसायचं ते तेच. अमेरिकेतल्या मराठी मंडळात प्रयोग असेल तर कृष्णवर्णीय अभिनेत्रींना बोलवा, आणि संहिता लिहितानाच बोलवा. महाराष्ट्रात प्रयोग असेल तर नटीने आपल्याच चेहऱ्याने ‘मी तिची गोष्ट सांगते’ म्हणत उभं राहावं.

मतदानाच्या हक्कासाठी लढणाऱ्या हेमरवर १९६३ मध्ये मिसिसिपीतल्या विनोनाच्या तुरुंगात झालेली मारहाण रंगमंचावर दाखवण्याचा मोह होतोच. दाखवू नका. ऑगस्ट १९६४ मध्ये अटलांटिक सिटीला डेमोक्रॅटिक पक्षाच्या समितीपुढे तिने ती स्वतःच सांगितली, आणि तिचं बोलणं चालू असताना त्याच पक्षाचे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी घाईने पत्रकारांपुढे येऊन कॅमेरे आपल्याकडे वळवले. संध्याकाळी वाहिन्यांनी साक्ष दाखवलीच. प्रकाशयोजनेला यापेक्षा जास्त काय हवं? वाक्याच्या मध्येच तिच्यावरचा प्रकाश दुसरीकडे ओढा, ती मात्र अंधारात बोलत राहू दे.

राहिला ‘आपला’ धागा. सावित्रीबाई आणि ट्रुथ यांची काल्पनिक भेट तालमीत भारी वाटते, पण दोघींनाही एकमेकींची ओळख करून देण्यात प्रवेश संपतो. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामीविरुद्ध झटलेल्या लोकांना अर्पण केली, हे प्रयोगाच्या पत्रिकेत दोन ओळींत छापा.