नागिणीवरच्या ८०० मिलिग्रॅमच्या गोळ्या मिळेनात, तेव्हा

घाटंजी तालुक्यातल्या आमच्या गावी बाबांच्या बरगडीवर एकाच बाजूला जळजळणारे फोड उठले. डॉक्टरांनी नागीण असल्याचे सांगून असायक्लोव्हिर ८०० मिलिग्रॅम दिवसातून ५ वेळा, ७ दिवस लिहून दिले आणि ७२ तासांच्या आत सुरुवात करण्यास बजावले. गावातल्या व तालुक्याच्या दुकानांत चिठ्ठीवरची गोळी नव्हती; एकाने दिलेले मलम गोळीची जागा घेत नाही, आणि नागीण उतरवून घेण्याचा शेजाऱ्यांचा सल्ला मी ऐकला नाही. बाबांचे कण्हणे ऐकत दीड दिवस वाया गेला, याची खंत आजही आहे.

मग मी ब्रँडऐवजी औषधाचे मूळ नाव विचारू लागलो, तेव्हा यवतमाळला ४०० मिलिग्रॅमच्या गोळ्या असल्याचे कळले. विकत घेण्याआधी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी एका वेळी २ गोळ्या, म्हणजे एकूण ७० गोळ्या, अशी नवी चिठ्ठी दिली. मावसभावाने त्या सायंकाळच्या एसटीने आणल्या. सकाळी ७, ११, दुपारी ३, सायंकाळी ७ व रात्री ११ या वेळा भिंतीवर लिहिल्या. हे औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, म्हणून डॉक्टरांनी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे दाखवणारी रक्ततपासणी) तपासून घेतले होते आणि भरपूर पाणी पाजायला सांगितले होते. व्हॅलासायक्लोव्हिर हा पर्यायही त्यांनी सुचवला होता. मात्र त्याची मात्रा वेगळी असल्याने त्यासाठी स्वतंत्र चिठ्ठीच लागते.