ब्युप्रेस्टिड की ब्युप्रेस्टिडी? सोनकिड्याचं शास्त्रीय नाव कसं वापरायचं

पावसाळा लागला की मुंबईतल्या नॅशनल पार्क, आरे, पार येऊरपर्यंतच्या ट्रेल्सचे फोटो निसर्गप्रेमींच्या ग्रुपवर यायला लागतात आणि हिरवं चमकणारं काहीही दिसलं की खाली लगेच "ज्वेल बीटल, ब्युप्रेस्टिडी" असं पडतं. त्यातले बरेच ज्वेल बीटल नसतातच. नाव बरोबर टाकलं तर तोच फोटो पुढे कुणाच्या तरी अभ्यासाला उपयोगी पडतो, म्हणून जरा नीट सांगतो.

ब्युप्रेस्टिडी हे अख्ख्या कुळाचं म्हणजे फॅमिलीचं नाव, जगात याच्या साधारण १५,००० जाती आहेत. प्राण्यांच्या कुळाचं नाव "इडी"वर संपवायचं हा नियमच आहे, त्यामुळे एका किड्याला ब्युप्रेस्टिडी म्हणायचं नाही. "आज एक ब्युप्रेस्टिड दिसला" किंवा "ब्युप्रेस्टिडी कुळातला भुंगेरा दिसला" असं लिहा, दोन्ही चालतं.

शब्दाच्या अर्थावरून मात्र काही ठरवू नका. मूळ ग्रीक शब्द गुरांना फुगवणारा अशा अर्थाचा, चाऱ्यातून हा किडा पोटात गेला की गुरं फुगून मरतात असं तेव्हा मानायचे, पण तो किडा बहुतेक ब्लिस्टर बीटल (अंगावर फोड आणणारा भुंगेरा) असावा, ते कुळच वेगळं. शास्त्रीय नावांची पद्धत रुजवणाऱ्या लिनियसने १७५८ मध्ये ब्युप्रेस्टिस हे नाव या चमकदार भुंगेऱ्यांना दिलं आणि ते तसंच चिकटलं. तेव्हा नाव वाचून "विषारी आहे, हात लावू नका" असलं कॅप्शन प्लीज टाकू नका.

आता ओळख, खरी गडबड इथेच होते. आधी पाठ बघा. भुंगेऱ्याच्या पाठीवर मधोमध सरळ रेघ असते, तिथे दोन कडक पंख मिळतात. रेघ नसेल आणि पाठीवर एकच सलग ढाल असेल तर तो ज्वेल बग, म्हणजे ढेकणांच्या गणातला, त्याला सोंड असते. मुंबईच्या फोटोंमध्ये ही चूक सगळ्यात जास्त दिसते, हिरव्या-निळ्यावर काळे ठिपके असलेला क्रायसोकोरिस नावाचा ज्वेल बग बहुतेक वेळा ज्वेल बीटल म्हणून खपतो. रेघ असेल तर अँटेना बघा. ब्युप्रेस्टिडच्या आखूड आणि करवतीसारख्या दातेरी असतात, टोकाला पंख्यासारखी पानं उघडत असतील तर तो फ्लॉवर शेफर, म्हणजे फुलांवर येणारा वेगळ्या कुळातला भुंगेरा. अंग लांबट, कडक, मागे निमुळतं, डोकं छातीत घुसलेलं आणि डोळे मोठे. उलटा ठेवल्यावर टक् करून उडाला तर तो क्लिक बीटल, अंगाची ठेवण जवळपास सारखी असल्यामुळे तिथे भलेभले फसतात. आणि आपल्याकडे सोनकिडा म्हणतात तो कधी ब्युप्रेस्टिड असतो तर कधी पानावर बसणारा, कडा पारदर्शक असलेला टॉर्टॉइज बीटल, म्हणून सोनकिडा हे नाव जरूर लिहा पण कुळाचं नाव सोबत असू द्या.

एवढं जुळलं की ब्युप्रेस्टिडी लिहून थांबलात तरी चालेल. फोटोत जेवढं दिसतंय तेवढंच नाव द्यावं, नुसता हिरवा रंग बघून स्पिशीज (जात) ठोकून देणं मला अजिबात पटत नाही. जीनस (प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट) नक्की असेल तर "स्टर्नोसेरा स्पि." लिहा, म्हणजे स्पिशीज अजून ठरलेली नाही. हे "स्पि." जीनसच्या नावामागेच येतं, कुळाच्या नावामागे लावायचं नाही. जीनस-स्पिशीज तिरक्या अक्षरात आणि कुळ सरळ अक्षरात.

स्टर्नोसेरा म्हणजे बाभळीच्या जातीच्या झाडांवर दिसणारा तो मोठा, दणकट भुंगेरा. याचे पंख भरतकामात वापरायचे, १९०३ च्या दिल्ली दरबारात व्हाइसरॉयची बायको लेडी कर्झनने घातलेल्या मोराच्या पिसांच्या नक्षीच्या ड्रेसवरही असे भुंगेऱ्यांचे हिरवे पंख लावलेले होते. हा रंग रंगद्रव्याचा नसतो, पंखाच्या कवचातल्या बारीक थरांवरून प्रकाश परतताना तो तयार होतो, म्हणून किडा मेल्यावरही वर्षानुवर्षं टिकतो. त्यामुळे ट्रेलवर नुसता सुटा पंख सापडला तरी त्याचा फोटो काढा, जागा, तारीख आणि जवळचं झाड लिहा, आणि पंख तिथेच राहू द्या, पार्कातून काही उचलून आणायची परवानगी नाही.