पुराचं पाणी घरातून गेल्यावर या चुका टाळा: घाई कुठं करायची आन कुठं नाही

सप्टेंबर २०२५ ला सीना नदीला पूर आला तेव्हा धाराशिव जिल्ह्यातल्या परंडा तालुक्यात आमच्या काकांच्या घरात आणि पुढच्या किराणा दुकानात कमरेएवढं पाणी होतं. पाणी ओसरल्यावर आम्ही सगळे भाऊ चार-पाच दिवस तिथंच होतो, आणि खरं सांगतो, पाण्यानं केलेल्या नुकसानीत बरीच भर आम्ही आमच्या हातानं घातली. जिथं पळायला पाहिजे होतं तिथं बसून राहिलो आन जिथं थांबायचं तिथं घाई केली. दुसऱ्या कुणाचं तसं होऊ नये म्हणून लिहितोय.

सगळ्यात आधी लाईट. मेन बंद केला की झालं असं सगळ्यांना वाटतं, पण आपल्याकडं घरोघरी इन्व्हर्टर आहे आणि मेन पडला की तो आपोआप चालू होतो, म्हणजे ओल्या भिंतीतल्या वायरीत करंट तसाच फिरत राहतो. घरात पाणी असताना मेनला पण हात लावायचा नाही आन इन्व्हर्टरला पण नाही, वायरमनला सांगून बाहेर खांबावरूनच लाईन तोडून घ्या, आणि इन्व्हर्टर-बॅटरीचं काम पाणी गेल्यावर माहितगार माणसाकडूनच करून घ्या. बुडालेलं बटन, सॉकेट, एमसीबी (बिघाड झाला की आपोआप पडणारा स्विच) उन्हात वाळवून परत बसवू नका, आत गाळ बसलेला असतो, ते नवीनच लागतं. पाण्याची मोटर वाइंडिंगवाल्याकडं नेऊन वाळवून, चेक करूनच लावा. मोटरसायकल किंवा ट्रॅक्टर बुडाला असेल तर "बघू चालू होतंय का" म्हणून स्टार्टर मारू नका. इंजिनात पाणी असलं तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो, मग साध्या दुरुस्तीवर भागलं असतं तिथं आख्खं इंजिन खोलावं लागतं.

दुसरी चूक आम्हाला लई महागात पडली. वास सुटायला लागला म्हणून साखर, आटा, बिस्किटं सगळं पहिल्याच दिवशी ओढ्याच्या कडेला टाकून दिलं आणि तलाठी पंचनाम्याला आले तेव्हा दुकानात दाखवायला रिकाम्या फळ्या. टाकायच्या आधी प्रत्येक मालाचा फोटो, व्हिडिओ काढा, भिंतीवर पाण्याची जी रेघ उमटते तिला टेप लावून फोटो काढा, पोती मोजून लिहून ठेवा. विमा असेल तर कंपनीला त्याच दिवशी कळवा आणि सर्व्हेअर (नुकसान बघायला येणारा माणूस) येईपर्यंत निदान थोडा माल बाजूला ठेवा. १ एप्रिल २०२१ पासून भारत गृह रक्षा आणि भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा या पॉलिसी आल्यात, त्यात पूर धरलेला असतो. दुकानावर किंवा घरावर बँकेचं कर्ज असलं तर बऱ्याचदा बँकेनंच विमा काढलेला असतो आन आपल्याला पत्ताच नसतो, म्हणून आधी बँकेत जाऊन विचारा.

घाई करायची ती गाळाला. काळ्या मातीचा गाळ ओला असतो तोवर फावड्यानं निघतो, एकदा ऊन लागलं की टणक होतो आणि मग खणून काढावा लागतो. आम्ही आधी सामान उचलत बसलो, तोवर शहाबादी फरशीच्या सांध्यात गाळ असा बसला की शेवटी फरशी उचलावी लागली.

भिंतीला मात्र घाई करायची नाही. आपल्या जुन्या घरांच्या भिंती दगड आणि मातीच्या. १९९३ च्या किल्लारी भूकंपात याच भिंतींनी माणसं गाडली हे इथं कुणाला सांगायची गरज नाही. पुरात आतली माती भिजून मऊ होते, दगड एकमेकाला धरून राहत नाहीत, आणि पाणी गेलं, ऊन पडलं, लोक निर्धास्त झाले की मग भिंत खाली येते. काकांच्या गोठ्याची भिंत तिसऱ्या दिवशी दुपारी बसली, सकाळीच तिथून म्हैस बाहेर काढली होती म्हणून वाचली. भिंतीला पोट सुटलेलं दिसलं, माती गळायला लागली, दार अचानक घासायला लागलं, तर त्या खोलीत झोपू नका. आणि माळवद (जुन्या घराचं मातीचं सपाट छत) भिजलेलं असताना गळती बंद करायला वर आणखी माती टाकू नका, भिजलेली माती आधीच जड झालेली असते, त्यात अजून वजन नको.

सिमेंटच्या घराला पण तडे जातात, कारण खालची काळी माती भिजून फुगते आन वाळताना आकसते. लगेच पुट्टी भरू नका. तड्याच्या दोन्ही टोकाला पेन्सिलनं खूण करून तारीख लिहा, वाढतोय का ते बघा, वाढत असला तर इंजिनिअरला दाखवा.

स्वच्छता करताना एक गोष्ट हात जोडून सांगतो. ब्लीचिंग पावडर आणि संडासचं ॲसिड कधीच एकत्र टाकू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद खोलीत जीव जाऊ शकतो. विहिरीत पुराचं पाणी शिरलं असेल तर आधी गढूळ पाणी उपसा, मग पावडर टाका. नेहमीचं प्रमाण हजार लिटरला २.५ ग्रॅम, पण पुरानंतर ग्रामपंचायतीत नाहीतर आरोग्य केंद्रात विचारून टाका, आणि तोवर पाणी उकळूनच प्या.

भिजलेली ज्वारी, शेंगदाणे, मका वाळवून खायची चूक लई जण करतेत. बुरशी धरलेलं धान्य जनावराला पण घालू नका, त्यातलं विष वाळवून किंवा धुवून जात नाही. पोत्यातलं ओलं सोयाबीन आतून तापतं, हात घालून बघा, म्हणून पोती फोडून पातळ पसरा.

उधारीच्या वह्या आम्ही उन्हात ठेवल्या आन पानं अशी चिकटली की सुटेनात. उरलेल्या दोन वह्या वहिनीनं प्लास्टिकच्या पिशवीत घालून बार्शीला माहेरी फ्रीजरमध्ये ठेवल्या. थंडीत बुरशी पण धरत नाही आणि पानं पण चिकटत नाहीत. नंतर एकेक पान सावलीत, मध्ये कोरा कागद घालून, पंख्याच्या वाऱ्यावर वाळवलं. बॉलपेनचं लिहिलेलं जवळजवळ सगळं वाचता आलं, शाईपेनचं पार पुसलं.

रंगाला शेवटपर्यंत थांबा. दिवाळीच्या आत घर रंगवायचं म्हणून काकांनी घाई केली आणि महिन्यात लोणा (भिंतीतला पांढरा खार) वर येऊन पोपडे सुटले. वाळलं का नाही ते बघायला दूधपिशवीएवढा प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूनी टेप लावून भिंतीला चिकटवा आणि दुसऱ्या दिवशी बघा. आत थेंब दिसले तर भिंत अजून ओली. आम्ही दर रविवारी लावून बघायचो, स्वयंपाकघराची भिंत कोरडी निघायला फेब्रुवारी उजाडला.