फिटच्या औषधावर पोरगं बदललं, तर वहीत काय लिहायचं

फिट थांबल्या, पण पोरगं आमचं राहिलं नाही, असं म्हणणारी एखादी आई ओपीडीच्या बाकावर हमखास भेटते. आमच्या धायरीच्या घरातही तेच झालं. लेक नऊ वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी (लहानपणीच मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर ताबा कमी), बोलणं मोजकंच. लेव्हेटिरासिटॅम हे फिटचं औषध सुरू झालं आणि थोड्याच दिवसांत वरणभाताचं ताट भिरकावणं, आजीच्या हाताला चावणं सुरू झालं. सासूबाई म्हणाल्या, लाडावलाय. शेजारच्या काकूंनी दृष्ट काढायला सांगितली. काढली, त्यात काही बिघडत नाही.

बिघडतं ते औषध स्वतःच्या मनाने बंद केलं की. एकदम थांबवलं तर फिट उलटतात, कधी एकामागून एक येतात. डोस अर्धासुद्धा करायचा नाही. आधी डॉक्टरांना फोन.

आणि हातात वही घ्यायची. "फार चिडतो हो" एवढंच सांगितलं तर डॉक्टर तरी काय करणार? घडलं ते लिहा, वेळेसकट. माझ्या वहीतलं एक पान असं आहे: "सकाळी ८ ला डोस. ९.१० ला बूट घालताना किंचाळला, बूट फेकला, स्वतःचा हात चावला. दहा मिनिटांनी शांत. रात्री १२ पर्यंत जागा. शी दोन दिवस झालेली नाही." या शेवटच्या ओळीला मी फार मानते. ज्या मुलाला सांगता येत नाही, त्याचं दुखणं वागण्यातून बाहेर पडतं. दाढ, कान, पोट हे आधी बघून घ्या, मग औषधाला दोष द्या.

औषध कधी सुरू झालं, डोस कधी वाढला, दुकानदाराने कंपनी कधी बदलून दिली, या तारखा लाल पेनाने लिहा. वागणं बिघडल्याची तारीख त्याच्या लगेच पुढे येत असेल तर संशयाला जागा आहे. प्रत्येक औषधाची तऱ्हा वेगळी. लेव्हेटिरासिटॅमने राग, रडू, आदळआपट. फेनोबार्बिटोनने लहान मुलं सुस्तावण्याऐवजी उलट घरभर नाचतात, झोपत नाहीत. व्हॅल्प्रोएटने भूक आणि वजन वाढतं. टोपिरामेटवर शब्द आठवत नाहीत, मूल मंद वाटतं, भूक मरते आणि घामही कमी येतो, म्हणून एप्रिल-मेच्या उन्हात जपायचं. सगळ्यांना सगळं होतं असं मुळीच नाही.

कधी कधी आपण ज्याला वागणं म्हणतो, तीच फिट असते. टक लावून बघणं, ओठ चाटत राहणं, शर्टाची बटणं चाचपत बसणं, हाक मारली तर ओ न देणं. फिटनंतरची चिडचिडही वेगळी. मोबाईलवर व्हिडिओ काढा, चेहरा आणि हात दोन्ही दिसतील असा. त्या एका व्हिडिओने डॉक्टरांचे निम्मे प्रश्न मिटतात.

झोपेचा रकाना सोडू नका. गणपतीच्या आधी नदीकाठी ढोलपथकांचा सराव सुरू झाला की आवाज कुठवर जातो ते पुणेकरांना सांगायला नको. झोपमोड झाली की चिडचिड वाढते आणि फिटचा धोकाही. मग औषधावर खापर फोडण्याआधी वहीतले ते आठवडे बघायचे.

सिरप सिरिंजनेच मोजा. घरातला चमचा प्रत्येक घरी वेगळा. शाळेतल्या बाईंनाही थोडक्यात सांगून ठेवा, म्हणजे वर्गातलं काय ते त्या डायरीत लिहून पाठवतील.

काही गोष्टींसाठी वही भरत बसायचं नाही. अंगावर पुरळ आलं, नसलेलं दिसू-ऐकू येऊ लागलं, मोठं मूल मरणाचं बोललं, तर त्याच दिवशी डॉक्टर. फिट पाच मिनिटांच्या पुढे गेली किंवा मूल उठतच नाही इतकं गुंगलं तर १०८.

भेटीच्या वेळी अख्खी वही पुढे ठेवू नका, एका पानावर उतरवून न्या. डॉक्टर डोस कमी करतील, सावकाश वाढवतील किंवा औषध बदलतील. काही जण बी-६ जीवनसत्त्व देऊन बघतात, पण तेही विचारल्याशिवाय सुरू करू नका. औषध बदलताना नवं हळूहळू वाढतं आणि जुनं हळूहळू उतरतं. त्या काळात दोन्हींचे परिणाम एकमेकांत मिसळतात, तेव्हा वही बंद करायची नाही.