केनेलमध्ये ठेवायच्या आधी, ठेवताना आणि घरी आणल्यावर काय काय बघायचं

तिकिटं काढून होतात, बॅगा भरायला घेतो आणि मग आठवतं की अरे कुत्र्याचं काय, मग घाईघाईत ज्या केनेलमध्ये (आपण बाहेरगावी असताना कुत्री-मांजरं ठेवून घेणारी जागा, यालाच बोर्डिंग म्हणतात) जागा मिळेल तिथे बुकिंग करून टाकतो. प्लीज असं करू नका. तयारी महिनाभर आधीच सुरू करा, कारण लस टोचली की लगेच दुसऱ्या दिवसापासून काम करते असं नसतं.

कुत्र्याला रेबीजची लस आणि डिस्टेंपर, पार्वो, हेपटायटिस, लेप्टो या आजारांची एकत्र लस वेळेवर झालेली हवीच, पण बोर्डिंगच्या वेळी जी हमखास राहून जाते ती केनेल कफची. हा खोकला हवेतून, एकमेकांच्या तोंडाला तोंड लावण्यातून, उष्ट्या भांड्यातून पसरतो, आणि जिथे वीस कुत्री शेजारी शेजारी राहतात तिथे तो एकाकडून दुसऱ्याकडे जायला वेळ लागत नाही. नाकात थेंब सोडायची लस असेल तर साधारण ३ ते ५ दिवसांत काम सुरू करते, पण इंजेक्शनवाली असेल आणि पहिल्यांदाच घेत असाल तर २ ते ४ आठवड्यांच्या अंतराने २ डोस लागतात. लस घेऊनही खोकला होऊ शकतो, पण सहसा सौम्य होतो आणि लवकर आवरतो. पिल्लाचा लसींचा कोर्स साधारण १६ आठवड्यांचं होईपर्यंत चालतो, तोवर त्याला केनेलमध्ये ठेवूच नका, कोणीतरी ओळखीचं घरी येऊन राहील असं बघा.

केनेल बघायला न सांगता जाता आलं तर उत्तम. माझी एक साधी कसोटी आहे, ते तुमच्याकडे लसीचं कार्ड मागतात का? तुमचं मागत नसतील तर बाकीच्यांचंही मागितलेलं नाही असं समजा आणि दुसरी जागा शोधा. मग विचारा की जुलाब झालेल्या कुत्र्याची जागा कशाने धुता, कारण पार्वोचा व्हायरस जमिनीवर महिनोन्महिने टिकतो आणि नुसत्या साबणाच्या पाण्याने मरत नाही, ब्लीच लागतं आणि तेही आधी घाण पूर्ण काढून, मग दहा मिनिटं तसंच ठेवून. आजारी जनावराला वेगळं ठेवायला खोली आहे का, रात्री तिथे माणूस असतो का, व्हेट (जनावरांचा डॉक्टर) किती वेळात येऊ शकतो, हे पण विचारा. पग, बुलडॉगसारखी चपट्या नाकाची कुत्री असतील तर हवा खेळती आहे का हे सगळ्यात आधी, त्यांना उकाडा अजिबात झेपत नाही.

मांजराचं प्रकरण वेगळं. कुत्री दिसणार नाहीत आणि भुंकणं शक्यतो ऐकू येणार नाही अशी खोली हवी, लपायला खोका हवा, घरचं न धुतलेलं पांघरूण द्या म्हणजे ओळखीचा वास राहतो. फिनाईलसारखी जंतुनाशकं मांजरांना विषारी असतात, पंजे चाटताना पोटात जातात, त्यामुळे लादी कशाने पुसता हे विचारायला लाजू नका. आणि मांजर सलग दोन दिवस काही खात नसेल तर "रुळेल हळूहळू" म्हणून सोडायचं नाही, विशेषतः जाड मांजराचं लिव्हर त्यामुळे बिघडू शकतं. बोका सतत लिटर ट्रेमध्ये (शी-शूच्या ट्रेमध्ये) जाऊन बसतोय आणि शू होत नाहीये, तर त्याच तासाला व्हेट. हे केनेलवाल्यांना तोंडी नाही, लिहून द्या.

खरं तर सगळ्यात महत्त्वाचा आहे हा लिहिलेला कागदच. आपल्याला आपल्या जनावराचं नॉर्मल काय ते माहीत असतं, त्यांना नसतं. "शांत आहे" याचा उपयोग नाही, "सकाळी अर्धी वाटी सोडतो पण संध्याकाळचं कधीच सोडत नाही, सोडलं तर फोन करा" असं लिहा. आमचा कुत्रा गोळी गिळल्यासारखी करतो, चक्क जबडा हलवतो, आणि आपण पाठ फिरवली की गालातली गोळी गादीच्या कडेला ठेवून देतो. हे मी पहिल्या वेळी सांगितलं नव्हतं, आणि परत आणायला गेले तर अंथरुणाखाली चार गोळ्या विरघळून चिकटलेल्या. तेव्हापासून औषधाच्या पुढे लिहिते, गोळीनंतर दोन मिनिटं तोंडाकडे बघत थांबा. इन्सुलिन चालू असेल तर खाल्लं नाही तर काय करायचं हे तुमच्या व्हेटकडून आधी विचारून लिहून घ्या, नेहमीचा पूर्ण डोस तसाच दिला तर साखर धोकादायक खाली जाते. कागदावरच उपचाराला परवानगी आणि खर्चाची मर्यादा लिहा, सही करा, तुमचा फोन लागला नाही तर कोणाला विचारायचं तेही.

खाणं घरचंच द्या, दोन दिवसांचं जास्तीचं. नवीन जागेच्या ताणाने आधीच पोट ढिलं होतं, त्यात खाणं बदललं की शेंबडासारखी चिकट शी सुरू होते. जायच्या आधी एक रात्र ट्रायल ठेवून बघा, वजन पण करून घ्या.

घरी आणल्यावर दिवसभर झोपेल, खूप पाणी पिईल, ते ठीक आहे, पाणी थोडं थोडं द्या. पण लक्ष पुढचे दोन आठवडे ठेवायचं. घशात काही अडकल्यासारखा कोरडा, घोगरा खोकला येऊन शेवटी पांढरा फेस काढत असेल तर बाकीच्या कुत्र्यांपासून लांब ठेवा आणि व्हेटला आधी फोन करून मग जा, वेटिंगमध्ये दुसऱ्यांना लागू नये म्हणून. पट्ट्याऐवजी हार्नेस घाला, गळ्यावर दाब आला की खोकला वाढतो. गोचीड कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, शेपटीच्या खाली हात फिरवून शोधा, आणि गोचीडताप १ ते ३ आठवड्यांनी पण दिसू शकतो, तेव्हा मरगळ, ताप, हिरड्या फिकट किंवा नाकातून रक्त दिसलं तर रक्त तपासून घ्या आणि केनेलमध्ये कोणत्या तारखांना होता हे डॉक्टरांना नक्की सांगा.